शर्यतीचा दिवस आणि बातमीचे सदर : वसाहतकालीन वृत्तपत्रांचे एक वाचन

वसाहतकालीन इंग्रजी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चाळीत असता अभ्यासकाचा हात एका पानापाशी हमखास वेग घेतो. ते पान घोडदौडीचे होय. अग्रलेख, कौन्सिलातील भाषणे, दुष्काळ व प्लेग यांसंबंधीची वृत्ते तो काळजीपूर्वक टिपून घेतो. परंतु घोड्यांची नावे, स्टोन-पौंडांतील वजने, मिनिटे आणि सेकंद यांची ती रूक्ष जंत्री पाहताच तो पान उलटतो. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाने असे करावे यात फारसे नवल नाही. नवल याचे वाटते की, पुढे कधीतरी ‘त्या काळी आमच्या भागात खेळ कोणते खेळले जात?’ असा प्रश्न त्यास पडला म्हणजे तो नेमका त्याच पानाकडे परत येतो. तेथे त्यास घोडदौड, पोलो, क्रिकेट आणि टेनिस सापडतात. कुस्तीचा फड क्वचित आढळतो आणि शंकरपट तर बहुधा आढळतच नाही. मग नागपूर-वऱ्हाडकडील लोकांस खेळांची अभिरुची इंग्रजांच्या सहवासानेच लागली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो चुकीचा का, हे त्या पानाचीच घडण समजून घेतल्यावाचून नीट ध्यानात येणार नाही.

प्रथम संस्थेचा विचार करू. मुंबईत भायखळ्याच्या मैदानावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शर्यती होऊ लागल्या. १८०२ साली बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला. पुण्यातील लष्करी जागेवरील मैदान १८३० चे. मुंबईच्या शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीस गेल्या त्या १८८३ च्या सुमारास. १९२५ साली वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब अस्तित्वात आला आणि १९३५ पासून त्याच्या नावामागे ‘रॉयल’ हे उपपद लागले. या सनावळीपेक्षा अधिक बोलके आहे ते शर्यतींचे वार्षिक वेळापत्रक. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात असे आणि पावसाळ्यात शर्यती पुण्यास जात. याचे कारण घोड्यांत नव्हे, तर सरकारात होते. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर व त्यांचा परिवार पुण्यास मुक्काम हलवीत, आणि सरकारामागोमाग शर्यती, मेजवान्या व नृत्यसमारंभ हेही घाट चढून वर जात. म्हणजे शर्यतीच्या तारखा मांडल्या की राज्यकर्त्या वर्गाच्या वर्षभराच्या हालचालींचा एक नकाशाच आपल्या हाती येतो.

आता प्रत्यक्ष पानाकडे वळू. शर्यतीचा दिवस एक असला, तरी वृत्तपत्रात तो एका दिवसाचा नसतो. त्याची पहिली खूण काही आठवडे, कधी काही महिने आधी जाहिरातीच्या स्वरूपात उमटते. अमुक दिवशी अमुक अंतराची शर्यत, प्रवेशशुल्क इतके, बक्षीस इतके, प्रवेश अमुक तारखेस बंद. खाली चिटणीसाची सही. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या घोड्यांची यादी येते. मग हँडिकॅप म्हणजे कोणत्या घोड्याने किती भार वाहावयाचा याचा तक्ता येतो. चांगल्या घोड्यावर अधिक भार व दुबळ्यावर कमी, अशा योगाने सर्वांस जवळजवळ सारखी संधी मिळावी, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे. जुन्या शर्यतींत भार घोड्याच्या उंचीवरूनही ठरत असे. उंची ‘हँड’ या मापाने मोजीत. एक हँड म्हणजे चार इंच. उंच घोड्याने जास्त आणि बुटक्याने कमी वजन घ्यावयाचे, असा तो हिशेब होता. ‘मेडन’ म्हणजे पूर्वी एकही शर्यत न जिंकलेला घोडा. ‘प्लेट’ म्हणजे ठरीव बक्षिसाची शर्यत, तर ‘स्वीपस्टेक’ म्हणजे मालकांनी स्वतः भरलेल्या वर्गणीतून बक्षीस उभे करावयाची शर्यत. ‘हीट’ म्हणजे एकाच शर्यतीची फेरी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीच घोडी एकाच दिवशी दोन-तीन फेऱ्या धावत आणि त्यांपैकी दोन जिंकणारे जनावर विजयी ठरे. एवढी परिभाषा अवगत झाली की, जंत्री म्हणून भासणारा मजकूर बराचसा वाचनीय होतो.

शर्यतीच्या आदल्या रात्री क्लबात अथवा लष्करी भोजनगृहात ‘लॉटरी’ भरत असे. आज या शब्दाने जे समजतो त्याहून तो प्रकार निराळा होता. प्रथम तिकिटे विकली जात. नंतर चिठ्ठ्या काढून कोणत्या तिकिटास कोणता घोडा आला ते ठरे. आणि त्यानंतर प्रत्येक घोड्याचा लिलाव होऊन जास्तीत जास्त बोली करणारा त्या लॉटरीपुरता त्याचा धनी बने. हे आकडे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात छापले जात. ज्या घोड्यास मोठी बोली लागली, तो लोकांच्या दृष्टीने संभाव्य विजेता. बाजारभावाच्या इतिहासात ज्यांना रस आहे, त्यांनी या आकड्यांकडे अवश्य लक्ष द्यावे. एका छोट्या, परस्परांस ओळखणाऱ्या समाजातील अंदाज आणि पत यांचे ते मोजमाप आहे.

निकालाच्या ओळीत साधारणपणे चार गोष्टी येतात : मालकाचे नाव, घोड्याचे नाव व जात, वाहिलेले वजन, आणि स्वाराचे नाव. पुढे किती अंतराने जिंकला व किती वेळ लागला हे दिलेले असते. यांतील प्रत्येक गोष्ट नीट पारखून घ्यावी लागते. मालकाचे नाव खरे असेलच असे नाही. क्लबाच्या संमतीने टोपणनावाने घोडे धावविण्याची चाल विलायतेत होती व ती येथेही आली. यास्तव ‘मिस्टर अमुक’ या नावाच्या गृहस्थाचा मागोवा दफ्तरांत घेत बसण्यापूर्वी असा कोणी गृहस्थ होता काय, हे पाहिलेले बरे. स्वाराच्या नावामागे ‘मिस्टर’ वा लष्करी हुद्दा असेल, तर तो हौशी स्वार. नुसते नाव असेल, तर तो वेतन घेणारा जॉकी. एका उपपदाच्या असण्या-नसण्याने वर्गभेद दाखविण्याची ही छापखान्यातील रीत मोठी काटकसरीची म्हटली पाहिजे. आणि ज्याने त्या घोड्यास पहाटे फिरविले, खरारा केला, रात्री ठाणावर त्याच्याजवळ जो निजला, त्या मोतद्दाराचे नाव या ओळीत नसतेच. तो वृत्तपत्रात यावयाचा तो लाथ बसून जखमी झाला तर, किंवा चोरीच्या आरोपावरून न्यायाधीशापुढे उभा राहिला तर. आणि ते सदर वेगळे.

घोड्याच्या जातीचा उल्लेख हा या ओळीतील सर्वांत मोलाचा भाग होय, असे आमचे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचे मैदान म्हणजे मुख्यतः अरबी घोड्यांचे मैदान होते. इराणच्या आखातातून घोडे मुंबई बंदरात उतरत. अरब सौदागर त्यांची विक्री करीत. लष्करातील अधिकारी आणि संस्थानिक ते खरेदी करीत. १८८१ साली मुंबईत निधन पावलेले पहिले आगाखान यांचा तबेला या मैदानावर प्रसिद्ध होता. १८३० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतातून घोडे येऊ लागले. प्रांताच्या नावावरून त्यांस ‘वेलर’ म्हणत. तोफखाना व रिसाला यांस अरबी घोड्यांहून अंगाने मोठे जनावर हवे होते व ती गरज वेलरने भागविली. शर्यतींच्या याद्यांत अरबी, वेलर, इंग्रजी आणि देशी अशा चारही जाती एकत्र दिसू लागतात आणि कोणत्या जातीस भारात किती सवलत द्यावयाची याविषयी वाद झडू लागतात. या सवलतीचे तक्ते कालानुक्रमे मांडले, तर लष्करी खरेदी, समुद्री व्यापार आणि अश्वपैदाशीचे धोरण यांचा एक चांगला प्रबंध होऊ शकेल. भीमथडीच्या तट्टांवर ज्या देशाची फौज एकेकाळी दौडली, त्या देशात घोडा हा बारगीर-शिलेदारांच्या पोटापाण्याचा विषय होता. तेथे अर्ध्या शतकाच्या आत तो परक्यांच्या करमणुकीचा व आयातीचा विषय बनला. ही उलथापालथ कोणत्याही अग्रलेखात सांगितलेली नाही. ती या तक्त्यांत आहे.

येथे नागपूरचा प्रश्न उपस्थित होतो. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. भोसल्यांचे राज्य खालसा झाले ते १८५४ साली आणि मध्यप्रांताची निर्मिती १८६१ ची. म्हणजे नागपुरात इंग्रजी प्रशासन येण्यापूर्वी तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी छावणी शेजारी नांदत होती. आणि जेथे छावणी तेथे शर्यती, हा त्या काळचा जवळजवळ नियमच होता. तथापि कामठीच्या करमणुकीचा मागोवा घेणारा आपला विद्यार्थी मुंबईच्या पत्रांत शोध घेतो व निराश होतो. याचे कारण साधे आहे. कामठीची छावणी एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळपर्यंत मद्रासच्या फौजेकडे होती. तेथील अधिकाऱ्यांचे आप्त, सोबती, बढत्या आणि बदल्या मद्रासकडे. त्यांची वृत्तपत्रेही मद्रासची. भूगोलाने कामठी मुंबईस जवळ, परंतु बातमीच्या वाटेने ती मद्रासजवळ होती. १८६७ साली मुंबईकडील लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर कलकत्त्याशी जोडले गेले. तेव्हापासून या वाटा बदलू लागल्या. शर्यतीचे घोडे आणि शर्यतीची वार्ता ही दोन्ही रेल्वेनेच येऊ-जाऊ लागली.

क्रीडाविषयक नियतकालिकांची परंपराही ध्यानात ठेवावी. मुंबईत ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ १८२८ पासून काही वर्षे निघत होते. म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, त्याच्या आधीच या शहरात इंग्रजीत केवळ शिकार व शर्यती यांस वाहिलेले नियतकालिक होते. कलकत्त्याचे ‘द एशियन’ १८७८ चे. या पत्रांना दूरदूरच्या छावण्यांतून टोपणनावांनी पत्रे येत आणि दैनिकांतील दोन ओळींच्या निकालामागील भांडणे, तक्रारी व चेष्टा तेथे सविस्तर वाचावयास मिळतात.

मग मराठी पत्रे काय करीत होती? ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चे, ‘केसरी’ १८८१ चे; नागपुरात ‘महाराष्ट्र’ गोपाळराव ओगले यांनी १९१४ साली सुरू केले आणि इंग्रजीतील ‘हितवाद’ गोखल्यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये निघाला. या पत्रांचा मुख्य विषय राजकारण व समाजकारण हा होता. तरीही सर्वच खेळांविषयी ती उदासीन होती असे म्हणता येत नाही. क्रिकेटचे उदाहरण पाहावे. मुंबईत १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने वार्षिक झाले, १९०७ साली हिंदू संघ आल्याने ते तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान संघ येऊन चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी झाले. पळवणकर बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर विलायतेस गेले आणि त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वेळी अस्पृश्यतेचा प्रश्न आणि खेळाचे मैदान ही एकाच चर्चेत आली. क्रिकेटमध्ये ‘आपला’ संघ असतो. त्याच्या जयापजयात वाचकाचा वाटा असतो. घोडदौडीत असा ‘आपला’ कोणी नसतो. मालक संस्थानिक वा धनिक, घोडा अरबी वा ऑस्ट्रेलियन, जॉकी बहुधा परदेशी. देशी पत्रकाराने त्यात कोणाची बाजू घ्यावी? शर्यतीचा त्याच्याशी संबंध येई तो पैजेच्या द्वारा; आणि पैजेची बातमी मनोरंजनाच्या नव्हे, तर नीतीच्या व कायद्याच्या सदरात पडते.

सदराच्या या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे. १८६७ चा सार्वजनिक जुगारविषयक कायदा मध्यप्रांतास लागू होता. त्यान्वये जुगाराचा अड्डा चालविणे हा अपराध ठरला. आणि त्याच कायद्याच्या एका कलमान्वये भर रस्त्यावर पक्षी वा जनावरे झुंजविणे हेही दंडास पात्र ठरले. मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८८७ चा. पाऊस अमुक वेळात पडेल की नाही, यावर मुंबईच्या बाजारपेठेत मोठ्या पैजा लागत. १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांसही जुगार ठरविण्यात आले. इकडे १९१२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शर्यतीच्या मैदानांस परवाना देण्याची पद्धत सुरू झाली आणि १९२५ मध्ये पैजांवर कर बसला; म्हणजे परवानाप्राप्त आवारातील पैज ही सरकारी उत्पन्नाची बाब झाली. वस्तुतः पावसावरील पैजा आणि पुण्याच्या शर्यती यांचा हंगाम एकच. त्याच आषाढ-श्रावणात एक मनुष्य मुंबईत ढगांवर पैज लावतो आणि दुसरा पुण्यात घोड्यावर. पहिल्याचे नाव पोलीस कोर्टाच्या वृत्तात येते आणि दुसऱ्याचे, तो पुरेसा प्रतिष्ठित असल्यास, क्रीडावृत्तात. घोडदौड हा कौशल्याचा खेळ, केवळ नशिबाचा नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तो कायद्याच्या दृष्टीने योग्य असेल. परंतु ढगांचा रंग आणि वाऱ्याची दिशा ओळखणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगी कौशल्य नव्हते, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

आता शंकरपट. सुगी आटोपल्यावर, संक्रांतीपासून पुढे होळीपर्यंत, विदर्भातील गावोगावी बैलजोड्यांच्या शर्यती होतात. त्यांस नुसते ‘पट’ असेही म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष नावाजलेला आहे. हलक्या दोनचाकी गाडीला बैल जुंपून धुरकरी त्यांस सरळ मैदानावर पिटाळतो. पटाच्या निमित्ताने जत्रा भरते, दुकाने येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. आणि पूर्वेकडे झाडीपट्टीत तर पटाच्या रात्री नाटक झाल्यावाचून पट पुरा होत नाही. घोडदौडीची जी म्हणून लक्षणे वर सांगितली, त्यांपैकी ठरलेला हंगाम, नामांकित जनावरे, त्यांचे नामांकित मालक, वाढत्या किमती, पैजा आणि प्रेक्षकांची दाटी ही सर्व येथे आहेत. नाहीत त्या गोष्टी दोनच : छापील नियमांचा क्लब आणि वृत्तपत्रास निकाल कळविणारा चिटणीस. वृत्तपत्राचे पान या दुसऱ्या गोष्टीवर चालते. संपादकाने हेतुतः पट वगळला असे मानण्याचे कारण नाही. कोणी कळविलेच नाही, म्हणून तो आला नाही. जो खेळ स्वतःची कागदपत्रे निर्माण करतो, तो संग्रहात राहतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि त्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. आखाड्यातील खेळ त्यानंतर ठळकपणे छापून आले असतील, तर त्याचे एक कारण हे की, त्यांच्यामागे आता नियम, पदाधिकारी आणि पत्रव्यवहार असलेली संस्था उभी होती.

यावर कोणी म्हणेल की, देशी पत्रांचे सरकारी गोषवारे छापील उपलब्ध आहेत, ते पाहावेत. ते जरूर पाहावेत. पण ते कशासाठी तयार होत, हेही विसरू नये. नागपूरकडील पत्रांचे गोषवारे काही काळ पंजाब, वायव्य प्रांत व अयोध्या यांच्या पत्रांबरोबर एकाच संग्रहात निघत. अधिकाऱ्यांस असंतोषाची चाहूल लागावी, हा त्यांचा उद्देश होता. गोषवारा करणाऱ्याने करवाढीची तक्रार उचलली आणि गावच्या कुस्त्यांचे वृत्त सोडून दिले, तर त्याने आपले काम चोख केले असेच म्हणावे लागेल. मूळ पत्र हाती नसता केवळ गोषवाऱ्यावरून ‘मराठी पत्रांत खेळ नाहीत’ असे विधान करणे धोक्याचे आहे. हल्ली फायलींची छायाचित्रे संगणकावर शब्द घालून शोधता येतात. ही मोठीच सोय झाली. परंतु ‘स्पोर्ट’ हा शब्द घालणारास पट सापडणार नाही, आणि एखाद्या संस्थानिकाचे नाव घालणारास त्या नावाचा घोडा सापडेल.

१९४३ साली महालक्ष्मीच्या मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली. ती देशी पैदाशीच्या घोड्यांसाठी होती. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी विजयी झाली आणि तिचा स्वार एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन होता. मालक संस्थानिक, घोडी या देशात निपजलेली, जॉकी परदेशी. निकालाची ही एक ओळ शंभर वर्षांपूर्वीच्या ओळीशेजारी ठेवून वाचावी; बदलले काय आणि राहिले काय, हे दोन्ही तीत दिसते. पटाच्या बाबतीत अशी ओळ आपणांस फार उशिरा मिळते, आणि तीही न्यायालयाच्या दाराने. २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्या दुरुस्त्या ग्राह्य ठरविल्या. पटाचे वर्णन, त्याचे नियम, त्याची परंपरा यांविषयीची कागदपत्रे या वादाच्या निमित्ताने तयार झाली.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने टिपणाच्या चिठ्ठीवर पत्राचे नाव, तारीख व पृष्ठ यांबरोबर सदराचे नावही लिहावे. शर्यती ‘स्पोर्टिंग’ सदरात मिळतील. पट, दंगल, झुंजी यांच्यासाठी जत्रा, बाजार, गुरांचे रोग, अपघात, पोलीस कोर्ट आणि १८९० च्या प्राणिक्रौर्यविषयक कायद्याखालील खटले ही सदरे पाहावी लागतील, व महिने पौष ते फाल्गुन हे धरावे लागतील. कामठीसाठी मद्रासच्या पत्रांच्या फायली हाती घ्याव्यात. प्रारंभ छावणी वसल्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांपासून, आणि तोही हिवाळ्याच्या अंकांपासून करावा.